कूलरची वायर

आमच्या घरात वायरीच्या बाबतीत भावाचा शब्द शेवटचा. उमरेडला त्याचं कूलर दुरुस्तीचं दुकान आहे, आणि मे महिन्यात आमच्याकडे कूलरवाल्याला जो मान असतो तो जावयालाही नसतो. त्यामुळे माझ्या गाडीच्या रेडिएटरचा पंखा आपोआप सुरू होईनासा झाला, तेव्हा तो म्हणाला, "पंखाच आहे ना? मग त्यात काय एवढं?"

त्यात एवढं होतं, ते असं. आठवड्यातून दोनदा मी याच गाडीतून बाबांना डायलिसिससाठी नागपूरला न्यायचे. इंजिन तापलं की पंखा सुरू करणारा सेन्सर गेला होता आणि नवा यायला वेळ लागेल असं मेकॅनिक सांगत होता. आदल्या खेपेला गाडी रस्त्यातच उकळली. बाबा भर उन्हात एका बाभळीखाली धापा टाकत बसून राहिले. पोचायला इतका उशीर झाला की मशीन अर्धवटच लावता आलं. परतताना बाबा शांतपणे म्हणाले, "आता अखीन असं झालं तर मी नाही येत. मले घरीच राहू द्या."

बाबांचा जन्म हातमागावर गेला. बोलायचे कमी, आणि बोललेलं मागे घ्यायची सवय त्यांना नव्हती. मशीन थांबवलं तर माणूस फार दिवस काढत नाही, हे डॉक्टरांनी आम्हाला स्वच्छ सांगितलं होतं. म्हणून त्या वाक्याची मला भीती बसली होती, उकळत्या गाडीपेक्षा जास्त.

भावानं अंगणात बोनेट उघडलं. योजना साधी होती: बॅटरीपासून एक वायर स्टिअरिंगखालच्या बटणापर्यंत आणायची, तिथून पंख्यापर्यंत न्यायची. इंजिनच्या तापमानाचा काटा वर चढला की आपल्या हातानं बटण दाबायचं. बटण कूलरचं, वायरही कूलरचीच. मी त्या वायरीकडे पाहिलं. बुटाच्या नाडीएवढी होती.

"दादा, बारीक नाही का ही?"

"तुले काय समजते वं त्यातलं? घरच्या कूलरले दोनशे तीस व्होल्ट जाते याच वायरीतून. इथं फक्त बारा आहे. बारा व्होल्टनं मुंगी मरत नाही."

"आणि फ्यूज?"

"कूलरले कधी फ्यूज लावला काय आपण?"

नव्हता लावला. बटण दाबलं तसा पंखा असा घोंघावला की शेजारीण बाहेर आली. भाऊ तिच्याकडे बघून मिशीत हसला. मी बोनेट लावून टाकलं. आमच्याकडे कूलरवाल्याशी वाद घालणं म्हणजे लग्नात भटजीला मंत्र शिकवणं.

दुसऱ्या दिवशी तो स्वतःच सोबत आला. बाबा मागच्या सीटवर, उशीला टेकून. अर्धवट मशीनमुळे पाय सुजले होते, आडवं पडलं की दम लागत होता. पाणी मोजून, तेही घोटभर. म्हणून थर्मासमध्ये बर्फाचे तुकडे घेतले होते, चघळायला. रेडिएटरसाठी मात्र पाण्याचा भरलेला कॅन होता. बाबा अधूनमधून त्या कॅनकडे बघायचे आणि मला आरशात ते दिसायचं.

रस्ता मोकळा होता तोवर काटा निम्म्यावर स्थिर होता. गाडी धावत असली की समोरून वारा लागतो, पंख्याची गरज पडत नाही. नागपूरच्या तोंडाशी, दिघोरीजवळ मात्र एक ट्रेलर वळताना आडवा अडकला होता आणि त्याच्या मागे सगळं तुंबलं होतं. ऑटो, बस, ट्रक, सगळे हॉर्न वाजवत जागच्या जागी. काटा हलला.

"दाब," भाऊ म्हणाला.

मी दाबलं. पंखा सुरू झाला, काटा थांबला, मग खाली यायला लागला. भाऊ मागे वळून म्हणाला, "पाहून राहिले ना बाबा?" बाबांनी मान डोलावली. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

आणि मग वास आला. आधी वाटलं बाहेरचा असेल. मग माझ्या गुडघ्याशी पांढरा धूर दिसला. वायरीवरचं प्लास्टिक मऊ होऊन लोंबत होतं. मी बटण बंद केलं. ते खाली गेलं, पण पंखा थांबला नाही. आतली पट्टी वितळून चिकटली होती.

"दादा, बंद होऊन नाही राहिलं!"

तो दार उघडून पळाला, बोनेट वर केलं आणि गळ्यातला दुपट्टा हाताला गुंडाळून बॅटरीवरची वायर उपटली. पंखा थांबला. तो परत आला तेव्हा दोन बोटांवर फोड उठत होते, आणि चेहरा असा उतरलेला की माझ्या ओठांवर आलेलं सगळं मी गिळलं. व्होल्ट कमी असले की तेवढ्याच कामाला करंट कितीतरी जास्त ओढला जातो, हे त्याला नंतर कळलं. कूलरची मोटर जेवढा ओढते त्याच्या कितीतरी पट हा पंखा त्या नाडीतून ओढत होता. वायर पेटली नाही, एवढंच नशीब.

काटा पुन्हा चढायला लागला.

"ऑटो करू," भाऊ म्हणाला. पण ऑटोही आमच्याच पुढे-मागे अडकलेले होते. मागून बाबांचा आवाज आला, "घरी चला."

मी काट्याकडेच बघत राहिले.

"ऐकून राहिली ना वं? घरी चल. झालं आता."

इंजिन जळेल याचं मला काही नव्हतं. पण इथून गाडी वळली तर ती पुन्हा या रस्त्याला लागणार नाही, हे मला दिसत होतं. एकच उपाय माहीत होता, मागे मेकॅनिकनं सांगितलेला: अगदीच अडलं तर हीटर पूर्ण लावायचा, इंजिनची गरमी गाडीत ओढली जाते. बाहेर आग ओकणारं ऊन, मागे पाणी न पिऊ शकणारा म्हातारा माणूस. बाबांना विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते. म्हणून विचारलं नाही. चारही काचा खाली केल्या आणि हीटरचं बटण टोकापर्यंत फिरवलं.

भट्टीचं दार उघडावं तसा झोत आला. भावानं तोंड दुसरीकडे फिरवलं, मग कॅनमधल्या पाण्यात दुपट्टा बुडवून मागे वळला आणि बाबांच्या डोक्यावर, मानेवर धरला. सुकला की पुन्हा बुडवायचा. फोड आलेल्याच बोटांनी. बर्फाचा एक तुकडा त्यानं त्यांच्या ओठांत ठेवला. बाबा डोळे मिटून होते. ते श्वास घेतायत की नाही हे मी आरशात बघायचे, मग काटा, मग पुन्हा आरसा. काटा लाल रेषेच्या अलीकडे येऊन थांबला. थांबला आणि तिथेच राहिला.

ट्रेलर सरकला तेव्हा मी अशी गाडी काढली की एका बसवाल्यानं माझ्या खानदानाचा उद्धार केला. करू दे म्हटलं.

दवाखान्यात बाबांना चाकाच्या खुर्चीतून आत नेलं. सिस्टरनं सुया टोचल्या, मशीन फिरायला लागलं. बाहेर बाकावर भाऊ हात मांडीवर ठेवून बसला होता. "माझ्यामुळं आज बाबा गेले असते वं," तो म्हणाला, आणि एवढा मोठा माणूस रडायला लागला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मलाही रडू येत होतं, पण माझं रडू वेगळं होतं. आज पोचलो, पण पुढच्या खेपेला बाबा गाडीत बसणार नाहीत, याची मला खात्री होती.

मशीन अर्धं झाल्यावर मी आत डोकावले. बाबा गळ्यापर्यंत पांघरूण ओढून पडले होते आणि सिस्टरवर कुरकुरत होते.

"बाई, हा एसी थेट अंगावर येते. हुडहुडी भरली मले. पुढच्या खेपेले त्या कोपऱ्यातली खाट देजा."

सिस्टर बरं म्हणाली. मी दारातच उभी राहिले, आणि मग बाहेर जाऊन भावाला ते जसंच्या तसं सांगितलं.