दुरुस्त झालेला तक्ता

"रक्ताला भीड नसते," असं म्हणत आमचे सर समोरच्याचं बोट धरायचे आणि तो काही बोलायच्या आत सुई टोचायचे. पोरांना मग लिमलेटची गोळी मिळे. रडलेल्याला नाही.

सर सांगलीच्या एका कॉलेजात शिकवायचे. सत्तरच्या दशकात साताऱ्याच्या दुष्काळी भागात ते रक्त तपासत हिंडले; आकडेमोडीला मी होतो. रक्तात आईबापांकडून आलेला एम नावाचा गुण असतो, एन असतो किंवा दोन्ही. त्यांचं प्रमाण कळलं की दोन्ही असलेली, म्हणजे मिश्र माणसं गावात किती निघावीत हे गणितानं येतं. तेवढी निघाली की सर खूश. एरवी त्यांना खूश झालेलं मी पाहिलं नाही. अशी हुशार माणसं तुम्हीही पाहिली असतील.

एका गावी रजेवर आलेला फौजी बायकोला घेऊन आला. दोघांचं रक्त भर दुपारी तपासलं. चार वर्षांच्या मुलीचं दुसऱ्या सकाळी, तपासणीच्या नव्या बाटलीतल्या औषधानं. आईबाप दोघेही एम, मुलगी मिश्र.

सरांनी चावडीवर सगळ्यांदेखत विचारलं, "मुलगी दत्तक घेतलीय का?"

"न्हाई," फौजी म्हणाला.

मग या दोघांच्या पोटी एन येऊच शकत नाही, हे सरांनी वर्गात शिकवावं तसं समजावून सांगितलं. बाई नवऱ्याकडे बघत राहिली. मी मान खाली घालून नोंद केली.

रजा संपायच्या आत फौजीनं मायलेकींना माहेरी, माधवनगरला नेऊन सोडलं.

काही महिन्यांनी गणित जुळेना. मिश्र माणसं फारच कमी भरत होती. तारखा लावून पाहिल्या, तर सगळी तूट फौजी आणि त्याची बायको आली त्या एका दुपारची. एन ओळखणारं औषध उन्हानं कमजोर झालं होतं. मिश्र माणसं एम दिसली होती. सरांनी त्या दुपारच्या नोंदी वगळल्या आणि गणित चोख जुळलं. त्या कुटुंबाला कळवायला हवं, असं मी म्हणालो.

"तक्ता दुरुस्त झाला ना?" सर म्हणाले.

मला त्यांची शिफारस हवी होती. नोकरी मिळेपर्यंत मी गप्प बसलो.

दोन वर्षांनी माधवनगरला गेलो, तेव्हा बाई गिरणीत कामाला लागली होती. फौजीनं दुसरं लग्न केलं होतं. चूक औषधाची होती, हे मी तिला सांगितलं. तिनं उभ्यानंच ऐकलं.

"मला कशापायी सांगताय?" ती म्हणाली. "मला ठावंच हुतं. तितं गावात, चार माणसांत सांगा."

सर तोवर परदेशी गेले होते. मी पत्र लिहिलं, उत्तर आलं नाही. आणि त्या गावी हे सांगायला मी एकटाही कधीच गेलो नाही.