मंगळावर जाऊन करायचं काय?

फणसाच्या आठळ्या कशा टाकवत नाहीत म्हणून डब्यात साठत जातात, तसे माझ्याकडे शाळेतले किस्से साठलेत. मी विज्ञानाची बाई. दर शुक्रवारी संध्याकाळी शाळेच्या गच्चीवर आकाश मंडळ चालवते. म्हणजे एक सेकंडहँड दुर्बीण, वीस मुलं आणि एकच विषय : माणसाने मंगळावर राहायला जावं का?

आमच्या हेडसरांना, साळवी सरांना, तो तास स्कॉलरशिपच्या जादा वर्गाला हवाय. भेटले की एकच प्रश्न, "बाई, याचा उपयोग काय?"

*

पहिल्याच शुक्रवारी मी मुलांना मंगळ दाखवला. तो लाल का दिसतो, तिथं घरं कशी बांधता येतील... चांगली दहा मिनिटं बोलले. मुलं भारावलेली!

आमच्या शिपाई सुलभामावशी हळूच म्हणाल्या, "बाई, तो टॉवरचा दिवा. आमच्या घरामागचा."

*

मंगळाचं वर्ष आपल्या वर्षाच्या जवळजवळ दुप्पट. मी स्टाफरूममध्ये जाहीर केलं, "तिथं मी तेवीस वर्षांची आहे! माणसाने जायलाच हवं!"

साळवी सर मान वर न करता म्हणाले, "मग सिनियॉरिटीही तशीच धरू."

*

नववीत वादविवाद ठेवला. प्राची ठणकावून म्हणाली, "आधी माझ्या गावात नळाला पाणी येऊ दे, मग मंगळाचं बोला!" टाळ्याच टाळ्या! दारात उभ्या साळवी सरांच्या सगळ्यात जोरात.

सानिका उठली. "तुझे बाबा मुंबईला गेले, ते नळाला पाणी येईपर्यंत थांबले होते काय गो?"

मी परीक्षक. परीक्षकाने टाळ्या वाजवायच्या नसतात, हे मला नंतर आठवलं.

*

सहावीला सांगितलं, मंगळावर कायमचं जायचंय, पाच किलोची बॅग भरा. आर्याच्या यादीत कुळथाचं पीठ, भाताचं बियाणं आणि आजीची गोधडी.

"आणि गणपती गो?"

"तो कशाला न्यायचा बाई? माती आहे ना तिथं. तिथंच करू!"

"आणि विसर्जन?"

आर्या विचारात पडली. मग म्हणाली, "म्हणजे पाणी शोधायलाच हवं!"

मी धावत जाऊन हे साळवी सरांना सांगितलं. ते हसले. "गोड आहे हो. पण उपयोग काय?"

*

शेवटी प्रकरण बापूंकडे गेलं. बापू आमच्या संस्थेचे अध्यक्ष. ऐंशी पार केलेले, पावस गावी आंब्याची मोठी बाग. "आधी बघतो, मग मंडळ ठेवायचं की नाही ते ठरवतो," म्हणाले आणि शुक्रवारी काठी टेकत गच्चीवर चढले.

बापू दुर्बिणीला डोळा लावून बराच वेळ वाकून राहिले.

"तिथं आहे काय, बाई?"

"दगड आणि धूळ."

"पाणी?"

"बर्फ आहे. पण खणून काढावा लागेल."

साळवी सरांना हवं ते मिळालं. "तेच म्हणतो मी, बापू! ओसाड दगडावर माणसाने जायचं कशाला? उपयोग काय?"

बापूंनी डोळा काढला नाही. "माझ्या वडलांनी कातळाला सुरुंग लावून खड्डे पाडले. खालून डोक्यावर माती वाहिली, पाणी वाहिलं, कलमं लावली. गाव हसत होतं. एक जण तर रोज येऊन अगदी हेच विचारायचा."

"कोण?" सरांनी विचारलं.

"तुमचे आजोबा."

मग सावकाश सरळ होत माझ्याकडे वळले. "पुढच्या शुक्रवारी किती वाजता येऊ, बाई?"