ब्रेकबाई आणि बुजरी गाडी

आमच्या खालच्या मजल्यावर राहतात त्यांना सगळे ब्रेकबाई म्हणतात. तोंडावर मॅडम, पाठीमागे ब्रेकबाई. त्यांनाही ते ठाऊक आहे आणि त्यांना त्याचं काही वाटत नाही. बाई गाडी चालवायला शिकवतात. शिकवणीच्या गाडीत शेजारच्या सीटखालीही एक ब्रेक असतो, आणि बाईंचा पाय त्यावर कायम तयार. आमची ही म्हणते, "त्यांच्या घरी चहाला गेलं की बशी जरा कलली तरी त्यांचा पाय खाली दाबला जातो." मी स्वतः पाहिलेलं नाही, पण आमची ही सहसा खोटं बोलत नाही. निदान दुसऱ्यांबद्दल तरी.

बाईंची शाळा म्हणजे एक गाडी आणि बाई. जुनी पेट्रोलची गाडी धापा टाकत गेली, तेव्हा त्यांनी साठवलेलं सगळं घालून विजेवरची घेतली. पांढरी, गुळगुळीत, आवाज म्हणून नाही. मेकॅनिककडून शेजारचा ब्रेक बसवून घेतला आणि मला हाक मारून वरून खाली बोलावलं. मी आत बसलो. समोर भिंतीवरच्या फळ्याएवढा स्क्रीन. मी म्हटलं, "बाई, हिला गुरुजी कोण आणि विद्यार्थी कोण?" बाई हसल्या. पुढं बरेच दिवस त्या हसल्या नाहीत, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

या गाडीवरची पहिली परीक्षा एका नर्सताईंची. घरोघर जाऊन पेशंट बघणाऱ्या. त्यांच्या ऑफिसनं सांगितलेलं की लायसन्स आणा, मग लांबचे पेशंट देतो. बाकीचे शिकणारे नर्सताईंकडे डोळे लावून बसलेले. या गाडीवर लायसन्स मिळतं का ते बघू, मग पुढं जाऊ. म्हणजे नर्सताई पास झाल्या तर बाईंची शाळा, नाहीतर अंगणात उभी एक महागडी पांढरी पेटी.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात गाडीत अपडेट आलं. सकाळी बाई गाडीत बसल्या तर स्क्रीनवर लिहिलेलं, तुमची गाडी आता आणखी सुरक्षित आहे. बाई म्हणाल्या, "काल असुरक्षित होती का मग?" पण स्क्रीनला उलट बोलून काय उपयोग.

परीक्षेच्या मैदानात एक अरुंद वळण आहे, कडेनं झुडपं. नर्सताई अगदी व्यवस्थित वळवत होत्या. एवढ्यात गाडीनं झुडूप पाहिलं, तिला वाटलं आता धडक होणार, आणि तिनं स्वतःच करकचून ब्रेक मारला. शेजारी परीक्षा घेणारे साहेब. त्यांच्या पायाखालचं पेडल आपोआप खाली गेलं. नियम असा की शेजारचा ब्रेक दाबला गेला की शिकणारा नापास.

साहेब म्हणाले, "मी पाय लावला नाही."

नर्सताई म्हणाल्या, "मीही नाही लावला."

"मग कुणी लावला?"

"गाडीनं."

साहेब भले गृहस्थ. त्यांनी वाकून पेडल हातानं दाबून पाहिलं. मग म्हणाले, "गाडीची परीक्षा घ्यायचा अधिकार मला नाही. पेडल खाली गेलं, मला नापासच करावं लागेल." नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, इथं नाचणारी नीट होती आणि अंगणच वाकडं निघालं.

बाई घरी आल्या ते फोन कानाला लावूनच. हेल्पलाइनवरच्या मुलीचा आवाज मधासारखा. "मॅडम, ती सुविधा आहे."

"मला ती नको आहे."

"बंद करता येते मॅडम. स्क्रीनवर सेटिंग, मग वाहन, मग सुरक्षा, मग सहाय्य."

"एकदा बंद केली की कायमची?"

"नाही मॅडम, गाडी सुरू केली की ती परत चालू होते. तुमच्या सुरक्षेसाठी."

बाईंनी फोन ठेवला आणि जिन्यातल्या कुंडीला म्हणाल्या, "हिच्या सुरक्षेला आग लागो." कुंडीत आमच्या हिची तुळस नव्हती म्हणून बरं, नाहीतर दोघींचं वाजलं असतं.

पण बाई हरणाऱ्यातल्या नाहीत. त्यांनी नर्सताईंना नवा धडा लावला. आधी सीट, मग आरसा, मग पट्टा, मग स्क्रीनवरची ती चार बटणं. नर्सताईंची बोटं सुई टोचून सरावलेली, डोळे मिटूनही जागेवर पडायला लागली. फेरपरीक्षेची तारीख मिळाली. आणि परत अपडेट आलं. आता सेटिंग उजवीकडची डावीकडे गेली होती, आणि सुरक्षेच्या आत शिरलं की मालकाच्या फोनवर येणारा पासवर्ड मागत होती. परीक्षेत गाडीत नर्सताई आणि साहेब, मालकीणबाई कुंपणाबाहेर. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, ते हेच.

दोन दिवसांनी कंपनीचा निरोप आला. कारण नसताना ब्रेक लागतो अशा तक्रारी आल्या आहेत, म्हणून या गाड्या परत बोलावत आहोत. दुरुस्तीचं सॉफ्टवेअर तयार झालं की कळवू. तोवर सावकाश चालवा.

"बघा काका," बाई म्हणाल्या, "मी सांगत होते तेव्हा ती सुविधा होती. आता त्यांनी सांगितलं, तर तो दोष झाला."

मला आमच्या शाळेतल्या गुरुजींची घोडी आठवली. साचलेलं पाणी दिसलं की ती पाय रोवून उभी राहायची. गुरुजी चिडायचे, घोडीला काही फरक पडायचा नाही, आणि आम्ही पोरं आनंदानं वाट बघत बसायचो. मी ही गोष्ट रंगवून सांगायला लागलो, तर बाई म्हणाल्या, "काका, घोडी विकता तरी येते. ही आज कोण घेणार?" खरं होतं. मी गोष्ट अर्धीच ठेवली, जे माझ्या हातून फार क्वचित होतं.

मग बाईंनी ठरवलं, बंद होत नाही ना, मग ही कुठं बुजते ते तरी शोधू. अंगणात खडूनं वळण आखलं. झुडूप पाहिजे होतं, तर मला उभं केलं. अंगावर हिरवा रेनकोट, दोन्ही हातांत झाडू. नर्सताई गाडी घेऊन यायच्या आणि गाडी माझ्यापासून हातभर अंतरावर कचकन थांबायची.

"अजून आधी वळवा," बाई म्हणायच्या. "आणखी हळू. तिला विचार करायला वेळ द्या."

"मॅडम, आधी वळवलं तर मागचं चाक रेषेवर जातं."

"मग रेषेला चिकटून. चिकटून म्हणजे चिकटून, वर नाही."

वरच्या खिडकीतून आमची ही म्हणाली, "झुडूप फार हलतंय. म्हणून घाबरते ती." मी हलायचं बंद केलं. सायंकाळपर्यंत मरता मरता इतक्या वेळा वाचलो की शेवटी मजा वाटायला लागली. नर्सताईंना मात्र रडू यायला लागलं होतं. त्या म्हणाल्या, "मी माझी चूक सुधारू शकते हो मॅडम. हिची कशी सुधारू?" खडूची पुसट झालेली रेषा बाईंनी नव्यानं ओढली. फक्त म्हणाल्या, "परत."

फेरपरीक्षेला मीही गेलो. बाई आणि मी कुंपणाला धरून उभे होतो. नर्सताई वळणाशी आल्या, गोगलगायीसारख्या. मागचं चाक रेषेच्या बाजूबाजूनं. स्क्रीनवर काहीतरी लाल चमकलेलं लांबूनही दिसलं. साहेबांनी दोन्ही पाय उचलून पोटाशी घेतले, पुन्हा वाद नको म्हणून. गाडी जरा थबकली, पण ब्रेक लागला नाही. वळण संपलं.

नर्सताई पास झाल्या. त्यांनी बाईंना मिठी मारली. बाईंनी पाठीवर थोपटलं, पण नजर गाडीवर. पुढचे शिकणारे काही नर्स नव्हते. सगळ्यांकडून आठवडाभर गोगलगाय करून घ्यायची, तर शाळा चालणार कशी?

त्याच आठवड्यात सर्व्हिस सेंटरनं बोलावलं, सॉफ्टवेअर आलं म्हणून. बाई आनंदानं गाडी घेऊन गेल्या आणि चालत परत आल्या.

"काय झालं?" मी विचारलं.

"सॉफ्टवेअर जात नाही म्हणतात. शेजारचा ब्रेक कंपनीनं बसवलेला नाही ना. तो काढला तर दुरुस्ती करतो म्हणाले."

"आणि काढला तर?"

"तर मी शिकवणार कशी? दुसऱ्या ब्रेकशिवाय परवानगीच नाही शाळेला."

ब्रेक काढला तर शाळा बंद, नाही काढला तर गाडी बंद. असून अडचण, नसून खोळंबा. गाडी सर्व्हिस सेंटरच्या आवारात अडकून पडली, कारण परत बोलावलेली गाडी दुरुस्तीशिवाय सोडत नाहीत, आणि दुरुस्ती होत नाही. पुढचे शिकणारे आधी फोन करायचे, मग कमी करायला लागले, मग त्यांतले दोघं दुसऱ्या शाळेत दिसले.

काल नर्सताई ऑफिसच्या गाडीतून आल्या. छोटी, जुनी, काच हातानं फिरवून खाली करायची. लांबचे पेशंट त्यांना मिळाले होते. म्हणाल्या, "मॅडम, बसा. वाटेतच आहे ते सर्व्हिस सेंटर, सोडते." बाई शेजारी बसल्या. फाटकातून बाहेर पडताना नर्सताईंनी ब्रेक लावला, आरसा पाहिला, मग रस्त्याला लागल्या. छान चालवत होत्या.

दुपारी बाई परतल्या तेव्हा मी अंगणातच होतो. "तिथल्या मोठ्या साहेबांना भेटले," त्या म्हणाल्या. "खुर्ची दिली, चहा दिला. सगळं ऐकून घेतलं."

"आणि?"

"म्हणाले, तुमच्यासारख्या शाळा फार थोड्या आहेत मॅडम. पुढच्या अपडेटमध्ये बघू."

एवढं सांगून त्या जिना चढून माझ्याच दारात थांबल्या आणि आमच्या हिला म्हणाल्या, "काकू, एक हातोडा आहे का?" ही म्हणाली, "आहे की. कशाला?" बाई म्हणाल्या, "अजून ठरवलं नाही. पण जवळ असू दे."

हातोडा त्यांच्याकडेच आहे. आम्ही परत मागितलेला नाही.