पाहुण्यांपुरते हातमोजे

"काढ ते हातमोजे. पाहुणे गेले."

सुपरवायझर हात पसरून उभा. मी हातमोजे काढून दिले. त्याने ते चिमटीत धरून पिशवीत टाकले. वर म्हणाला, "तुमच्या हातांना सवय हाय. नवे मोजे कशाला खराब करता?"

सगळ्या बायका हसल्या. मीही हसले. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

रोह्याच्या त्या कंपनीत आम्ही ठेक्यावर होतो. पिंपं धुवायची. आत चिकटलेली पिवळी पावडर उघड्या हातांनी खरवडायची. तिचं औषध होतं, परदेशात जातं, एवढंच माहीत. माझ्या हातांची सालं निघायची. जेवताना चटणीला बोट लागलं की डोळ्यांत पाणी. माझी धाकटी जाऊ सुगंधा अंगाने बारीक, म्हणून तिला पिंपात डोकं घालून खरवडायला लावायचे.

दुसऱ्या वर्षी, रोह्याजवळच्या वरसे गावातल्या आमच्या खोलीचा जिना चढताना ती मध्येच बसायला लागली. कंपनीच्या डॉक्टरने तिची छाती तपासलीच नाही. लांबूनच विचारलं, "चूल पेटवतेस?"

"व्हय."

"मग धुराचा दमा."

कागदावर लिहिलंही तसंच. पेणच्या डॉक्टरने छातीचा फोटो काढला, काम काय ते विचारलं. म्हणाला, "हिला तिथे परत पाठवू नका."

मी ठेकेदाराला गाठलं. तो म्हणाला, कंपनीला विचार. कंपनीचा साहेब म्हणाला, तुम्ही आमच्या नाहीत, ठेकेदाराच्या.

शेवटी सुगंधाला आडवं होता येत नव्हतं. भिंतीला टेकून बसायची. "खिडकी उघड गो ताय."

खिडकी उघडीच होती.

ती गेली. तिच्या जागी दुसरी बारीक बाई आली.

पुढच्या वेळी पाहुणे आले तेव्हा पुन्हा मोजे वाटले. मी घातले नाहीत. सुपरवायझर दातओठ खात म्हणाला, "मागच्या शेडमध्ये जा." मी सरळ पुढे गेले. पांढरं हेल्मेट घातलेली एक गोरी बाई होती. औषध विकत घेणाऱ्या कंपनीची. तिच्यापुढे दोन्ही हात धरले. दहावीपर्यंतचं इंग्रजी होतं तेवढं काढलं. "टुडे ग्लोव्हज. टुमॉरो नो ग्लोव्हज. माय सिस्टर डेड."

तिचा चेहरा उतरला. तिने साहेबाला काही विचारलं. तो बराच वेळ बोलला. मग ती मला सॉरी म्हणाली, साहेबाला इंग्रजीत काही सांगितलं आणि कागदात बघायला लागली. साहेबाने मराठीत सांगितलं, "मॅडमना वाईट वाटलं. पण हा ठेकेदाराचा विषय आहे, असं त्या म्हणतात."

सात समुद्रांपलीकडून आलेल्या बाईलाही तेच वाक्य येत होतं. तेव्हा माझे डोळे उघडले. यांनी माझ्या जावेचा जीव वाटून घेतला. इतका बारीक वाटला, की प्रत्येकाला आपला हात स्वच्छ वाटावा.

त्याच दिवशी मला कामावरून काढलं.

मी कारखाने तपासणीच्या ऑफिसात अर्ज दिला. ठेकेदार, सुपरवायझर, डॉक्टर, साहेब, ते परदेशी औषधवाले, सगळे त्यात घातले. क्लार्क म्हणाला, "बाई, एकाचंच नाव लिहा. केस सोपी होईल."

"सोपी नको. सगळ्यांची नावं ठेवा."

ठेकेदाराचा माणूस घरी येऊन गेला. मिटवून घे म्हणाला. मी त्याला पाणीही विचारलं नाही.

मला त्यांचं सॉरी नको, दया नको. त्यांना शिक्षा झालेली मला डोळ्यांनी बघायची आहे. ते एकमेकांकडे बोट दाखवतील. दाखवू देत. बोट ज्याच्याकडे जाईल, त्याच्या दारात मी उभी राहीन.