मुठीतलं बटण

आधी त्या सिस्टरबद्दल लिहिते. त्या मूळच्या कारंज्याकडच्या, नोकरीपायी या शहरात एकट्या राहिलेल्या. त्यांनी माझे पाय धरले होते म्हणून पुढचं नीट झालं.

माझ्या छातीत गाठ होती, बोराएवढी, लवकर सापडलेली. डॉक्टरांनी समजावलं, कानाला ऐकू न येणाऱ्या आवाजाच्या लहरी एका ठिकाणी गोळा करून गाठ आतल्या आत भाजायची. या पद्धतीची अजून तपासणीच चालू आहे, म्हणून नंतर गाठ काढून किती मेली ते बघणार. मी सातवीत शाळा सोडलेली. त्यांनी कागद दोनदा वाचून दाखवला, मी सही केली. नवरा सोबत आला होता, पण मेथी काढणीला आली म्हणून गावी, जऊळक्याला परत गेला. आठ दिवस धर्मशाळेत माझ्या बोलीतलं कोणी नव्हतं. तो फोनवर विचारायचा, "जेवली का?" मी हो म्हणायची आणि भिंतीकडं तोंड करून पडायची.

गाठ भाजायच्या दिवशी मला मशीनखाली निजवून हातात बटण दिलं. भाजलं तर दाबायचं, मशीन थांबेल. लहरी तिसऱ्यांदा सोडल्या तेव्हा तापलेली सळई खुपसावी तसं झालं. मी दात आवळले. आमच्याकडं बाळंतपणातही बाई ओरडली तर नावं ठेवतात. शिवाय वाटलं, दुखतं म्हटलं की या तपासणीच्या यादीतून काढतील, गाठ घेऊन घरी जावं लागेल.

मी हलू नये म्हणून सिस्टरनी घोटे धरले होते. त्या एकदम म्हणाल्या, "सर, थांबा." मग माझ्याकडं वाकून, "काहून वं, मुकी होऊन पडली? पायाची बोटं कशी वाकडी करून राह्यली."

"मले काढून देतील ना मंग."

"येडी झाली का? थे बटन काय मुठीत शेकाले देलं?"

डॉक्टर म्हणाले, "किती दुखतं, हेही आम्हाला लिहायचंय. तुम्ही गप्प राहिलात तर आमची तपासणीच खोटी ठरेल. आणि कातडी भाजेल ते वेगळंच." सुन्न करायचं इंजेक्शन आणखी दिलं, उरलेलं झालं. मला यादीतून कोणी काढलं नाही.

पुढं गाठ काढली. बरीचशी मेलेली होती, एका कडेला थोडी जिवंत. तीही निघाली. आता रेडिएशन आहे, म्हणून अजून इथंच.

सिस्टर माझा चहासुद्धा घेत नाहीत. ड्युटीमुळं दोन दिवाळ्या गावी गेल्या नाहीत म्हणे. बरी होऊन घरी गेले की एकदा त्यांना जऊळक्याला नेणार, गरम भाकर वाढणार, ताट उचलू देणार नाही. त्यांना हे बोलले नाही अजून. पण नेणार.