सलाईनच्या बाटल्या आणि मोटारसायकल

किल्लारीकडच्या गावात आमच्या दवाखान्यासमोर एका लिंगायत दुकानदारांचं किराणा दुकान होतं. मोटारसायकल सुरू करण्याआधी ते गळ्यातलं लिंग सदऱ्याच्या आत सरकवत आणि डोळे मिटून इंजिनचा आवाज ऐकत. फिरून आले की मला सांगत, "सिस्टर, डांबरीवर वाऱ्यागत पळती अन् मातीत बैलागत सबुरीनं चालती." गाडीचं एवढं कौतुक मला जरा पोरकट वाटायचं.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं आणि दुष्काळ हटत नव्हता. विहिरीच्या तळाचं गढूळ पाणी पिऊन गावातली मुलं जुलाबांनी निपचित पडली. सकाळीच सलाईन संपलं आणि एसटीला वेळ होता. मी दुकानात जाऊन सांगितलं. त्यांनी गिऱ्हाईक तसंच ठेवून गाडी काढली.

मी मागे बसले. लातूरच्या जिल्हा रुग्णालयाकडे जाताना गाडी खरंच वाऱ्यासारखी पळाली, वळणावरसुद्धा मला भीती वाटली नाही. परतताना काचेच्या बाटल्यांचं खोकं माझ्या मांडीवर होतं. तेरणेच्या कोरड्या पात्रात शिरल्यावर त्यांनी वेग इतका कमी केला की बाटल्यांची किणकिण थांबली.

"तुमी खोकं धरा. गाडीचं मी बघतो," ते म्हणाले.

एकही बाटली फुटली नाही. दिवस मावळेपर्यंत मुलं डोळे उघडून आईला हाका मारू लागली.

पुढच्या आठवड्यात पाहिलं, तर त्यांनी गाडीची मागची गादी काढून तिथं लाकडी पेटी बसवली होती आणि आत गोणपाट अंथरलं होतं.

"जिल्हा आता जवळ आलाय सिस्टर," ते म्हणाले. "काय आणायचं ते सांगत जा."