अनवाणी चढलेली टेकडी

पहिल्यांदा टेकडी चढायला निघालेल्या माणसाला काय सांगावं, ते मला तोंडपाठ आहे. नवे बूट आधी आठवडाभर घरात वापरा, माणशी दोन लिटर पाणी घ्या, टोपी, शिट्टी, मीठ-साखरेची पुडी, जखमेच्या पट्ट्या बरोबर ठेवा, ऊन डोक्यावर यायच्या आत उतरायला लागा. हे सगळं मी मोबाइलवर वाचून वहीत उतरवलं होतं. पांढुर्ण्याच्या ऑफिसात दिवसभर खुर्चीला चिकटलेल्या बाईला चाळिशीनंतर लागलेलं वेड होतं ते, आणि वेडात मी कधी हात राखत नाही.

रामाकोन्याच्या पुढे एक टेकडी आहे, माथ्यावर महादेवाचं ठाणं. पहिली चढाई तिथेच करायची ठरवली, तर बाबा म्हणाले, मीही येतो. सत्तरीचे, पंधरा वर्षांची शुगर, पण कपाशी आणि संत्र्यात जन्म काढलेला माणूस. मला बरंच वाटलं. सौंसरच्या बाजारातून त्यांच्यासाठीही बूट आणले.

पायथ्याच्या कडुनिंबाखाली त्यांनी ते काढून ठेवले. आमच्याकडची जुनी माणसं महादेवाच्या टेकडीवर पायात काही घालत नाहीत. मी एकदा म्हणून पाहिलं. ते म्हणाले, "देवाच्या टेकडीवर जोडे घालून जात असतेत का, बाई?" मी पुन्हा म्हटलं नाही. माझे बूट मात्र मी काढले नाहीत.

मार्च संपत आला होता. दहानंतर दगड तापले. मी दर वळणावर धापा टाकत बसायची आणि बाबा पुढे निघून जायचे. पाय भाजत नाहीत का, असं विचारलं.

"मले काहीच दुखून नाही राहिलं. महादेवाची कृपा आहे."

मला त्यांचा अभिमान वाटला, थोडा हेवाही. फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. शुगरवाल्या पायाला दुखणं कळत नाही, हे मला ठाऊक नव्हतं असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. पण ठाऊक होतं. त्यांचे पाय रोज बघायला, त्यांना अनवाणी फिरू न द्यायला आमच्या डॉक्टरांनी मलाच सांगितलेलं होतं. त्या दिवशी मला फक्त वर पोचायचं होतं.

घरी आल्यावर फरशीवर रक्ताचे डाग दिसले. तळव्याची कातडी सुटली होती, अंगठ्याखाली काटा मोडून आत राहिला होता. बाबांनी हळद भरली आणि कोणाला सांगू नको म्हणाले. मी ऐकलं. ऑफिसची सुटी दवाखान्यात वाया जाईल, लोक बोलतील, म्हणून तीन दिवस ऐकलं. चौथ्या दिवशी अंगठा काळा पडला, ताप चढला, तेव्हा कुठे नागपूर गाठलं.

अंगठा काढावा लागेल, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. मग कागद पुढे ओढून त्यांनी विचारलं, इतकी शुगर असताना यांना अनवाणी चढू दिलं कोणी, बरोबर कोण होतं?

मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "कोणी नव्हतं. मी एकलाच गेलतो."

डॉक्टरांनी तसं लिहून घेतलं. मी बाबांच्या शेजारीच उभी होते, आणि मी ते लिहू दिलं.